टर्बो स्टेशन वॅगनला कस्टम एक्झॉस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्बो वॅगनचे मालक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. सेदानसाठी दिलेला सल्ला, डिकी आणि केबिन एकच असलेल्या वॅगनला जसाच्या तसा लावला जातो आणि बहुतेक चुका तिथेच होतात. टर्बो गाडीत ताकद मिळते ती टर्बोजवळच्या पहिल्या मीटरभरात. गाडी घरच्यांना बसण्याजोगी राहते की नाही, हे मात्र शेवटच्या मीटरभरात ठरतं.

१. ‘एक्झॉस्ट बदलला’ म्हणजे नक्की काय काय बदलतात?

बोलताना आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण त्यात बरेच तुकडे असतात. टर्बोच्या टर्बाइनमधून निघालेला वायू आधी डाउनपाइपमध्ये येतो. त्यातच किंवा त्याला लागून विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याला पुढे नुसतं ‘कॅट’ म्हणू. मग इंजिनाच्या हालचालीला वाव देणारा जाळीदार फ्लेक्स पाइप, मधला पाइप, ठरावीक सूर मारणारा रेझोनेटर, एकूण आवाज दाबणारा मागचा मफलर आणि शेवटी तोंड. कॅटच्या मागचं सगळं बदललं तर ते ‘कॅट-बॅक’ आणि टर्बोपासून शेपटापर्यंत बदललं तर ‘टर्बो-बॅक’. फॅब्रिकेटरकडे जाल तेव्हा हे शब्द पहिल्याच मिनिटाला वापरा, नाहीतर भाव ठरतो एका कामाचा आणि होतं दुसरंच. टर्बोच्या आधीचा, सिलिंडरांतला वायू गोळा करून टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड यात धरलेला नाही (प्रश्न १४ पाहा).

२. इंजिनाला थोडं बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला अडवणारा उलटा दाब) लागतंच म्हणतात. पाइप मोकळा केला तर पिकअप जाईल का?

टर्बो इंजिनात नाही जाणार, उलट सुधारेल. टर्बाइन फिरते ती तिच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यांतल्या फरकावर. नंतरचा दाब जितका कमी, तितकं त्याच वायूतून टर्बाइनला जास्त काम मिळतं, आणि बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब, लवकर चढतो.

हा समज आला तो बिनटर्बो इंजिनांवरून. तिथे पाइपची लांबी-जाडी अशी साधतात की एका सिलिंडरच्या झोताने दुसऱ्यातला उरलेला वायू ओढून घ्यावा. पाइप फार रुंद केला की वायूचा वेग पडतो, ही ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमला गाडी मवाळ वाटते. लोकांनी त्याचा अर्थ ‘दाब हवा’ असा घेतला. टर्बो गाडीत ते झोत टर्बाइनच्या पात्यांनीच चिरडून टाकलेले असतात, त्यामुळे तिच्यामागे अशी ओढ साधायला फारसं काही उरत नाही.

३. फक्त कॅट-बॅक बसवला तर किती ताकद वाढेल?

बहुतेक गाड्यांत फार थोडी, चालवताना जाणवेलच असं नाही. वायूची सर्वांत मोठी अडवणूक सहसा डाउनपाइप आणि मूळ कॅटमध्ये असते. मागचा पाइप मोकळा केला तरी पुढची चिंचोळी वाट तशीच राहते. कारखान्याच्या पाइपला मागच्या अॅक्सलवर चेपलेले बेंड असतील, तर फरक थोडा अधिक पडतो.

आवाज बदलायचा असेल तर कॅट-बॅक जरूर करा, ते कारण पुरेसं आहे. ताकद हवी असेल तर डाउनपाइपपासून सुरुवात करा आणि ट्यूनिंगचा (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलण्याचा) खर्च त्याच वेळी हिशेबात धरा (प्रश्न ११).

४. अडीच इंची घेऊ की तीन इंची?

अडीच इंच म्हणजे ६३.५ मिमी, तीन इंच म्हणजे ७६.२ मिमी. अर्धा इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण छेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे तीन इंचीत साधारण ४४ टक्के जास्त जागा मिळते. ढोबळ हिशेब असा की २५० ते ३०० हॉर्सपॉवरपर्यंत अडीच इंची भागतो, त्यापुढे तीन इंचीचा विचार करावा.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापरातल्या वॅगनला डाउनपाइप तीन इंची आणि कॅटच्या मागे अडीच इंची. वायू मागे जाताजाता थंड होतो, त्याचं आकारमान घटतं, त्यामुळे मागे तेवढ्या रुंदीची गरज राहत नाही. अडीच इंची पाइप अॅक्सलवरून सहज वळतो, वजन कमी, आणि घुमघुमही आटोक्यात राहते. गाडी ४०० हॉर्सपॉवरच्या दिशेने नेणार असाल, तर मात्र आधीच सगळा तीन इंची करा. दोनदा खर्च होणार नाही.

५. स्टील कोणतं वापरावं?

रस्त्यावरच्या गाडीला एसएस ३०४ उत्तम. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. ४०९ स्वस्त पडतं. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास, वरून तांबूस गंज धरतं पण लवकर आरपार सडत नाही. साधं लोखंड मात्र आतल्या पाण्यानेच खाल्लं जातं (प्रश्न १६). विक्रेता ३०४ म्हणून ४०९ देत असेल तर चुंबक लावा. ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ च्या सरळ पाइपला जवळजवळ नाहीच. टर्बोला लागून असलेल्या, लालभडक होणाऱ्या तुकड्यासाठी ३२१ सरस ठरतं, कारण सतत तापून वेल्डजवळ ३०४ ला तडे जाण्याची भीती असते. टायटॅनियम ३०४ च्या निम्म्याहून थोडं जास्त वजनाचं, पण वेल्डिंग अवघड आणि आवाज कर्कश.

३०४ ची एक खोड लक्षात ठेवा. ते तापल्यावर चांगलंच वाढतं. एक मीटर पाइप ४०० अंशांनी तापला तर सुमारे ७ मिमी लांब होतो. टर्बोपासून बंपरपर्यंतच्या पाइपला ही वाढ कुठेतरी जिरवावी लागते, म्हणून पाइप टांगणारे हँगर रबरचे हवेत. पाइप चॅसिसला घट्ट आवळला की तो ढकलणार टर्बोच्या फ्लेंजलाच (जोडाच्या चकतीला), आणि तडा तिथे जातो.

६. काम चांगलं झालंय की नाही, मला वेल्डिंगमधलं काही कळत नसताना कसं ओळखू?

बेंडकडे बघा. मँड्रेल बेंडमध्ये पाइप वळणावरही पूर्ण गोल राहतो, प्रेसवर वाकवलेल्याला आतल्या बाजूने सुरकुत्या पडतात आणि तोंड चपटं होतं. अडीच इंची पाइप चेपून दोन इंचाचा झाला तर अडीच इंचीचे पैसे वाया.

मग वेल्डची आतली बाजू बघा, वरची नव्हे. वरून टाके सुंदर दिसले तरी टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आत आर्गन सोडला नसेल, तर आतून जळकी, काळी, खडबडीत साखरेसारखी पुटं चढलेली असतात. वेल्ड तिथे ठिसूळ होतो. डाउनपाइपवर मी यात तडजोड करत नाही. बोट आत घालून फिरवा, लगेच कळतं.

कामाची रीतही विचारा. पाइप गाडीखाली जागेवर लावून फक्त टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारायचे, मग खाली उतरवून पूर्ण वेल्ड करायचा, आणि पुन्हा चढवून बघायचा. गाडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडलेली हवी, ऑक्सिजन सेन्सर काढलेले हवेत, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ हवा. पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते, हे फॅब्रिकेटरला सांगायला संकोच करू नका.

७. एक्झॉस्ट बसवला, आवाज झकास आहे, पण हायवेला एका ठरावीक वेगाला डोकं उठेल अशी घुमघुम होते. मित्राच्या सेदानला तोच मफलर आहे, तिला होत नाही. असं का?

कारण तुमची वॅगन म्हणजे चाकांवरचा ढोल आहे. सेदानमध्ये मागच्या सीटमागे पत्रा, पार्सल ट्रे आणि वेगळी डिकी असते. वॅगनमध्ये पुढच्या काचेपासून मागच्या दरवाजापर्यंत एकच पोकळी. वर लांब छत, खाली स्टेपनीचा खड्डा, मागे मोठा सपाट दरवाजा, आणि मफलर नेमका त्या खड्ड्याशेजारी.

आता थोडा हिशेब, कारण इलाज त्यातूनच निघतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून स्फोटांची वारंवारता म्हणजे आरपीएम भागिले ३०. २४०० आरपीएमला ८० हर्ट्झ. पाच सिलिंडरला २४ ने भागा, सहाला २० ने. आणि तीन मीटर लांबीच्या बंद पोकळीतली हवा साधारण ५७ हर्ट्झला आपोआप घुमते. चार सिलिंडरच्या गाडीत ते येतं १७०० आरपीएमच्या आसपास, वरच्या गिअरमध्ये संथ चालताना. शिवाय छत आणि मागचा दरवाजा यांचे स्वतःचे सूर वेगळे. अशा पोकळीत दाब दोन्ही टोकांना सर्वाधिक असतो, म्हणून पुढे बसलेल्याला ‘जरा घुमतंय’ वाटतं तेव्हा डिकीत बसलेल्या कुत्र्याला ते फार जास्त जाणवत असतं.

इलाज करताना आधी आरपीएम टिपून घ्या. घुमघुम कुठे सुरू होते, कुठे शिखरावर असते, कुठे संपते. चढावर आणि सपाटीवर दोन्हीकडे. मग क्रमाने जा.

पहिलं, पाइप किंवा हँगर कुठे चॅसिसला टेकलाय का बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. दुसरं, मधल्या पाइपात लांब रेझोनेटर घाला. आरपार छिद्रांच्या नळीचा, भोवती काचतंतू भरलेला रेझोनेटर करकर मारतो, पण ८० हर्ट्झसारख्या खालच्या सुरावर त्याचा जोर कमी पडतो. म्हणून तिसरा आणि खरा उपाय म्हणजे पाव-तरंग नळी. मुख्य पाइपला काटकोनात जोडलेली, दुसरं टोक बंद असलेली एक नळी. तिच्यात शिरलेला सूर टोकाला आपटून उलटा परत येतो आणि मूळ सुराला मारतो. वायूची वाट कुठेही अडत नाही, ताकद जात नाही.

लांबी काढतात आवाजाचा वेग भागिले वारंवारतेची चौपट. इथेच बहुतेक जण चुकतात. खोलीच्या हवेतला ३४३ मीटर प्रतिसेकंद वेग धरला तर ८० हर्ट्झसाठी १.०७ मीटर येतात. पण ३०० अंशांच्या वायूत आवाज ४८० मीटरच्या वेगाने जातो, म्हणजे १.५ मीटर हवेत. बंद नळीतला वायू मुख्य प्रवाहापेक्षा थंड असतो, त्यामुळे खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो. आधीच पक्का वेल्ड करू नका. बंद टोकाचा तुकडा सरकता ठेवून क्लॅम्प लावा, गाडी हायवेला फिरवा, पाच-पाच सेंटिमीटर सरकवून ऐका आणि मग वेल्ड मारा. दीड मीटर नळी वाकवून अॅक्सलजवळ बसवता येते.

डिकीत ध्वनिरोधक चटया टाकणं हा चौथा उपाय. पत्र्याची थरथर त्याने कमी होते, पण मूळ सूर तसाच राहतो.

८. माझ्याच मॉडेलच्या सेदानचा तयार किट वॅगनला बसेल का?

मागच्या अॅक्सलपर्यंत बहुधा बसेल, त्याच्या मागे खात्री नाही. स्टेपनीचा खड्डा, टो-बारचा गज, बंपरचा आकार, कधी मागच्या सस्पेंशनची रचनासुद्धा वेगळी असते. काही वॅगनमध्ये मागे आपोआप उंची सांभाळणारे शॉक अॅब्सॉर्बर असतात आणि त्यांना जागा जास्त लागते.

फिटिंग तपासताना रिकामी गाडी लिफ्टवर टांगून समाधान मानू नका. लिफ्टवर चाकं खाली लोंबलेली असतात आणि पाइपभोवती भरपूर मोकळीक दिसते. पाच माणसं आणि सामान भरलं की अॅक्सल वर येऊन पाइपला ठोकते. डिकी भरून, गाडी चाकांवर उभी करून, खाली वाकून बघा. चारही चाकांना जोर असलेल्या वॅगनमध्ये मधोमध प्रॉपेलर शाफ्टही असतो. त्याच्या मधल्या बेअरिंगचं रबर पाइपच्या उष्णतेने कडक होतं, तिथे पत्र्याची ढाल हवीच.

९. पाइपचं तोंड कुठे काढावं? बंपरच्या आतच संपवलं तर साफ दिसतं.

बंपरच्या आत संपवू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

वॅगनची पाठ उभी कापलेली असते. धावत्या गाडीवरची हवा छताच्या कडेला सुटते आणि मागच्या दरवाजामागे कमी दाबाचा, गरगरणारा पट्टा तयार होतो. पाइपमधून निघालेला वायू या पट्ट्यात ओढला जातो आणि दरवाजाशी घोटाळत राहतो. फट मिळाली की आत. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

माझ्या स्वतःच्या वॅगनचा पाइप ज्या गॅरेजमध्ये केला तिथे तो बंपरच्या आत दोन बोटं थांबवला होता. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या मुलीचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. काचा उघडल्यावर तिला बरं वाटलं, आणि मला जे कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी पाइप वाढवून घेतला.

तोंड बंपरच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर यायला हवं, शक्यतो एका कडेला. मागच्या चाकाआधी बाजूला काढलेला पाइप मागच्या सीटच्या बाजूच्या काचेखाली येतो, तेही टाळा. गाडीच्या पोटाखाली तर कधीच सोडू नका.

मग बॉडी तपासा. मागच्या दरवाजाच्या रबरात कागदाची पट्टी धरून दरवाजा बंद करा आणि पट्टी ओढा. सहज सुटली तर तिथे फट आहे. पूर्ण घेराला हे करा. वायरिंग जिथून आत जातं तिथली रबरी बुचं बघा. बंपर काढला असेल तर त्यामागे केबिनची हवा बाहेर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या झडपा दिसतील. त्या फक्त बाहेरच्या दिशेने उघडायला हव्यात. तुटलेल्या असतील, आणि नवीन तोंड त्यांच्या जवळ आलं असेल, तर वायू सरळ डिकीत जातो.

मागचा दरवाजा उघडा ठेवून, लांब सामान बाहेर काढून गाडी चालवू नका. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म केबिनमध्ये ठेवणं शहाणपणाचं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी एकाच वेळी दोघांना जाणवली तर गाडी थांबवून सगळ्यांनी खाली उतरायचं, कारण नंतर शोधायचं.

१०. कॅट काढून नुसता सरळ पाइप टाकला तर?

रस्त्यावरच्या गाडीत करू नका. जवळपास सगळीकडे ते बेकायदा आहे, आणि वॅगनमध्ये प्रश्न ९ मधला धोका कित्येक पटींनी वाढतो, कारण कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकण्याचं काम कॅटच करत असतो. कारखान्याच्या कॅटमध्ये दर चौरस इंचाला बहुधा ४०० ते ६०० छिद्रं असतात. २०० ते ३०० छिद्रांचा चांगल्या धातूचा कॅट बसवला तर अडवणूक बरीच कमी होते आणि वासही येत नाही. तो टर्बोपासून फार मागे सरकवू नका. कॅट काम करायला लागतो २५० ते ३०० अंशांच्या आसपास, आणि लांब गेला की सकाळी तापायलाच वेळ घेतो.

११. डाउनपाइप बदलला तर ट्यूनिंग करावंच लागतं का?

हो. पण आधी बूस्ट क्रीप, म्हणजे ठरलेल्या पातळीपलीकडे बूस्ट चढत राहणं, समजून घ्या. बूस्ट ठरलेल्या पातळीवर आला की वेस्टगेट उघडतो आणि जास्तीचा वायू टर्बाइनला वळसा घालून जातो. पाइप मोकळा झाल्यावर टर्बाइन त्याच वायूतून जास्त काम काढते, म्हणून वळवावा लागणारा वायू वाढतो. वेस्टगेटचं भोक लहान असेल तर ते पूर्ण उघडूनही पुरत नाही, आणि आरपीएमबरोबर बूस्ट चढतच जातो. थंड हवेत हे अधिक होतं. मीटरवर बूस्ट एकदा उसळून खाली बसला तर ती वेगळी, साधी गोष्ट. ठरलेला आकडा ओलांडून रेडलाइनपर्यंत चढत राहिला तर पाय लगेच काढा.

क्रीप ट्यूनिंगने बरा होत नाही, भोक मोठं करावं लागतं किंवा बाहेरचा वेस्टगेट लावावा लागतो. ट्यूनिंग लागतं ते इंधन आणि इग्निशन नव्या प्रवाहाला जुळवायला. नवीन गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) टॉर्कचा आकडा धरून चालतो आणि बूस्ट स्वतःच मागे खेचतो. अशा गाडीत ट्यूनिंगशिवाय डाउनपाइपचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत.

१२. काम झाल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला. सेन्सर गेला का?

बहुधा नाही. कोड पी०४२० असेल तर मागचा ऑक्सिजन सेन्सर सांगतोय की कॅट पुरेसं काम करत नाही. कमी छिद्रांच्या कॅटला हे होतं.

मिश्रण पातळ असल्याचा कोड आला तर आधी गळती शोधा. पुढच्या सेन्सरच्या आधी बारीक फट असली की आयडलला तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू उगाच इंधन ओततो. गॅस्केटला साधं सिलिकॉन फासलं असेल तर त्याच्या वाफेने सेन्सर खरंच मरतो. सेन्सर बसतो १८ मिमी व्यासाच्या, १.५ मिमी आट्याच्या बुशमध्ये. हा बुश पाइपच्या वरच्या बाजूला, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर हवा. खाली असला तर थंड पाइपातलं पाणी सेन्सरच्या टोकावर साचतं आणि तापल्यावर आतलं सिरॅमिक तडकतं.

१३. पाइपला हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळू का?

डाउनपाइपपुरता ठीक. मागे नको. पट्टी पाणी धरून ठेवते आणि ४०९ किंवा साधं लोखंड तिच्याखाली सडतं. कारखान्याच्या पत्र्याच्या ढाली सगळ्या परत बसवा, विशेषतः स्टेपनीचा खड्डा प्लास्टिकचा असेल तर.

१४. सुबारूची जुनी वॅगन आहे. ती प्रसिद्ध घरघर कॅट-बॅकने येईल का?

ती घरघर येते टर्बोच्या आधी, असमान लांबीच्या मॅनिफोल्डमुळे, कारण बॉक्सर इंजिनाच्या दोन बाजूंचे झोत टर्बोपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतात. तुमच्या इंजिनाला समान लांबीचा मॅनिफोल्ड आणि ट्विन-स्क्रोल टर्बो (झोतांना दोन वेगळ्या वाटा देणारा) असेल, तर मागे काहीही लावलं तरी ती येणार नाही. मॅनिफोल्ड बदलून ती आणण्यासाठी चांगला ट्विन-स्क्रोल घालवणं मला पटत नाही.

१५. डिझेल टर्बो वॅगनला हेच लागू का?

पाइप, स्टील, तोंड, फिटिंग यांबद्दलचं सगळं लागू. पण डीपीएफला (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरला) हात लावू नका. त्याच्या आधी-नंतरच्या दाबावर आणि तापमानावर ईसीयूचं लक्ष असतं. काजळी जाळणं बिघडलं की गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कमी करून चालण्याच्या स्थितीत) जाते. ज्या नव्या पेट्रोल गाड्यांत कण गाळणारा फिल्टर आहे त्यांनाही हेच.

१६. नवीन पाइपमधून धूर येतो, तोंडातून पाणी गळतं. काही चुकलंय?

नाही. पाइपवरचं तेल आणि हाताचे डाग दोन-तीन वेळा तापून जळून जातात. तेवढा वेळ काचा उघड्या ठेवा. पाणीही स्वाभाविक आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, आणि पाइप थंड असेपर्यंत ते आतच साचतं. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर मफलरच्या सर्वांत खालच्या जागी बारीक भोक ठेवायला सांगा. मात्र पांढरा, गोडसर वासाचा धूर गरम इंजिनातही थांबत नसेल तर तो कूलंटचा आहे, एक्झॉस्टचा नव्हे.

१७. काही महिन्यांनी टिकटिक, फुसफुस सुरू झाली. पुन्हा खोलावं लागेल?

आधी व्ही-बँड (पाइपचे जोड आवळणारे पट्टे) आणि फ्लेंजचे बोल्ट आवळा. पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये ते सैल होतातच. सकाळी थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर बंद, म्हणजे पुढे गॅस्केटजवळ फट. आवाज हळूहळू मोठा होत गेला असेल तर मफलरमधला काचतंतू उडून गेलाय, तो पुन्हा भरता येतो. फ्लेक्स पाइपची जाळी सुटलेली दिसली तर फक्त तो बदलून थांबू नका. आडव्या इंजिनाच्या गाडीत इंजिन पुढे-मागे डुलतं, त्यामुळे फ्लेक्स वारंवार फाटत असेल तर दोष इंजिन माउंटचा असतो.

१८. आवाजाच्या तपासणीत गाडी पास होईल का?

मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी. उभ्या गाडीच्या तपासणीची प्रचलित पद्धत अशी की माइक पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंशांच्या कोनात धरतात आणि इंजिन ठरावीक आरपीएमला ठेवतात. त्याच जागी मोबाइलवरचं मीटर धरून बसवण्याआधी आणि नंतर असे दोन आकडे घ्या. मोबाइलचा आकडा अचूक नसला तरी दोन्हींतला फरक कळतो.

१९. जुना एक्झॉस्ट विकून टाकू का?

विकू नका, मूळ कॅट तर नक्कीच नाही. तपासणीला, विक्रीच्या वेळी किंवा नवीन पाइपचा काही दोष शोधताना तो परत चढवावा लागतो. आतलं पाणी निथळून द्या, दोन्ही तोंडं कापडाने बांधा आणि काढलेले नट-बोल्ट एका पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवा.